मोठा टर्बो आणि भातकुलीचा रस्ता

माझी सून गाडी नीट चालवते. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून कोणाला वेगळं वाटायचं. अमरावतीहून भातकुलीला ती रोज शाळेवर शिकवायला जाते.

त्या सोमवारी मी बहिणीकडे जायला तिच्या शेजारी बसले होते. पुढे कापसाची ट्रॉली होती, दोन्ही बाजूंनी फुगलेली. समोरून टेम्पो येत होता, पण लांब होता. एवढ्या अंतरात तिनं कितीदा तरी गाड्या मागे टाकल्या आहेत. तिनं गाडी बाहेर काढली, एक्सिलेटर दाबला आणि गाडीनं वेगच घेतला नाही. आम्ही ट्रॉलीच्या बरोबरीनं चाललो होतो आणि टेम्पो जवळ येत होता. मग कोणी मागून ढकलावं तशी गाडी एकदम उसळली. माझी पाठ सीटवर आपटली. टेम्पोवाला मातीत उतरला, म्हणून मी आज हे लिहिते आहे.

सुनेनं गाडी बाजूला लावली.  

मुलगा अकोल्याला नोकरीला असतो. शनिवारी आला, ऐकलं आणि बायकोला म्हणाला, "तुले अंतरच समजत नाई. राहू दे गाडी, बसनं जात जाय."

"अंतर बरोबर होतं. गाडीनंच उशीर केला," ती म्हणाली.

तो हसला. "उलट आता पावर जास्त आहे. टर्बो बदलला ना मी."

आम्हा दोघींना हे नवीनच होतं. आधीच्या आठवड्यात त्यानं दुरुस्तीला म्हणून गाडी अकोल्याला नेली होती. इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा म्हणजे टर्बो. कंपनीचा खराब झाला, तर यानं मिस्त्रीकडून मोठा बसवून घेतला. मोठा पंखा जड, उशिरा फिरतो. पण एकदा फिरला की जुन्यापेक्षा कितीतरी जास्त ओढतो. हे सगळं त्याला ठाऊक होतं.

"मंग सांगितलं काहून नाही?" मी विचारलं.

"गाडी सुधारली तर त्यात सांगाचं काय, माय?"

टेम्पो पाहून मी जेवढी हादरले नव्हते, तेवढी हे ऐकून हादरले.

रविवारी त्याच रस्त्यावर मी त्याला गाडी चालवायला लावली. सून मागे बसली. एक ट्रॅक्टर दिसला, समोरचा रस्ता पार मोकळा होता. मी म्हटलं, "टर्बो बदलाच्या आधी दाबत होतास तसाच दाब. गिअर बदलू नको."

त्यानं दाबला. गाडी ढिम्म. पाय पार खाली नेला तरी तेच. मग ती अशी सुटली की पुढचा पूल अंगावर आला आणि त्यानं करकचून ब्रेक मारला.

"आज समोर टेम्पो नव्हता," सून मागून म्हणाली.

त्यानं गाडी कडेला घेतली. मग म्हणाला, "आधी गिअर खाली घ्या लागते. मंग उशीर कमी होते."

"हे मले कवा सांगणार होते?" सुनेनं विचारलं.



संध्याकाळी तो गाडी घेऊन अकोल्याला गेला, कंपनीचाच टर्बो बसवायला. तो आठवडा सून मैत्रिणीच्या स्कूटीवर शाळेत गेली. गाडी परत आणल्यावर चावी देताना त्यानं काय काय बदललं ते तिला एकेक करून सांगितलं. नवे वायपरसुद्धा सांगितले.