डाव्या अंगठ्याखाली आजी

चहा आधी खाली ठेवा, मग सांगते. जपानात असताना मी एकीची आजी पायाखाली चिरडली आहे. ती आधीच वारलेली होती, हाच काय तो माझा बचाव.

आम्ही तेव्हा उरायासुला राहायचो. नवरा टोकियोत एका बँकेच्या आयटीत, मी घरी. पाठ केलेली जपानी वाक्यं संपली की माझं बोलणंच संपायचं. त्यामुळे अख्ख्या इमारतीत बोलायला एकच माणूस, शेजारची फिओना. मूळची आयर्लंडची. आम्ही पेगन आहोत, असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. म्हणजे सूर्य, चंद्र, झाडं, पूर्वज यांना मानणारे. मी म्हटलं, मग आमच्यातलेच की तुम्ही.

लहानपणी चर्चवाल्या घरात साजरे केलेले सण ती आता पोरांसाठी नव्या धर्मात बसवून घ्यायची. मीही तेच करत होते. उटणं नाही तर बेसन, आकाशकंदील नाही तर जपानी कागदी दिवा. पण कारीट, ते कडू रानफळ, कुठून आणणार? नरकचतुर्दशीला पहाटे ते डाव्या पायाच्या अंगठ्यानं फोडल्याशिवाय नरकासुर मरतो का कधी?

फिओनाला म्हटलं, सणासाठी एक छोटं गोल फळ हवंय गं. कशासाठी ते नाही सांगितलं. अंगठ्याची गोष्ट इंग्रजीत जमेना. "बघते हं," ती म्हणाली.

नरकचतुर्दशीला पहाटे अंधारातच दार उघडलं, तर आमच्या दोघींच्या दारांच्या मधे मुठीएवढा भोपळा. मला गहिवरूनच आलं. परक्या मुलखात कोण कुणासाठी एवढं करतं, सांगा.

अंगठा ठेवला, "गोविंदा, गोविंदा" म्हटलं आणि दाबला. फचकन चपटा झाला. रीतीप्रमाणे रस जिभेला लावला. कडू नव्हता, मेणबत्तीसारखा लागला. म्हटलं, जपानी भोपळे असतील असे.

वर पाहिलं तर दारात फिओना.

"ती माझी आजी होती," ती म्हणाली.

आदल्या रात्री त्यांचा पितरांचा सण होता. भोपळा कोरून, आत दिवा लावून तिनं आजीला बोलावलं होतं. आजी बिचारी आयर्लंडहून निघाली ती थेट माझ्या पायाखाली आली.

आता खरं सांगायचं, तर तिच्या आजीला राक्षस ठरवायचं. तिनं अबोला धरला तर मी बोलणार कुणाशी? भीतीपोटी तोंडातून निघून गेलं, "आमच्यातही वाडवडिलांना असंच भेटतात. मान म्हणून."

"पायानं?"

"डाव्या. हृदयाची बाजू ना ती."

तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, निभावलं.

पुढच्या वर्षी तिनं त्याच सणाला बोलावलं. टोकियोच्या आसपासचे तिचे सगळे पेगन मित्र जमले होते. समोर ओळीनं भोपळे, प्रत्येकाचा डावा पाय उघडा, आणि सगळे अगदी मनापासून "गोविंदा, गोविंदा" म्हणतायत. "ही रीत हिनं शिकवली," असं फिओनानं सांगितल्यावर काहींनी मला वाकून नमस्कारही केला.

मग तिनं झेंडूनं सजवलेला एक भोपळा आणून माझ्यापुढे ठेवला. "ही तुझी आजी. तिला कसं विसरू आम्ही?"

आमची आजी म्हणजे, चुकून कुणाला पाय लागला तरी लगेच पाया पडायला लावणारी बाई. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळे माझ्यासाठी थांबले होते.

मी आधी नमस्कार केला, आणि मग डावा मोजा काढला.