चांदभाईंनी बुजवलेल्या भेगा

चांदभाई आमच्या गावचे गवंडी. अमळनेरपर्यंत कितीतरी पक्की घरं त्यांनी उभी केली, स्वतःचं मात्र मातीचंच राहिलं. मी गावची आशा सेविका कोकिळा, त्यांची शेजारीण.

गेल्या पावसाळ्यात त्यांची नात अलफिया सकाळी तापली, दुपारी उलट्या झाल्या, संध्याकाळी झटके आले. आम्ही तिला गाडीत घालून धुळ्याला नेलं. पोर बेशुद्धच होती. पुण्याला पाठवलेल्या रक्ताच्या तपासणीचा निकाल आला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "चांदीपुरा विषाणू आहे. वाळूमाशी चावून पसरतो. डासापेक्षा बारीक असते ती, भिंतीच्या भेगांत लपते."

चांदभाई डोकं धरून बसले. "कोकिळाताई, साऱ्या जगाच्या भिंती मी सारख्या केल्या..." 

अलफिया वाचली. पण घरी आल्यावर बायका आपली पोरं तिच्याजवळ येऊ देईनात. "अगं, हात लावून नाही होत हा ताप," मी दारोदार सांगत होते. ऐकतंय कोण! तिची आई शहनाज दार लावून रडायची.

चांदभाईंनी आधी आपल्या भिंतींच्या भेगा बुजवल्या, मग घमेलं उचलून गल्लीतल्या भेगा बुजवायला निघाले. सुकदेव आबांनी आपल्या दारातच अडवलं. "माशी चावीसन पोर मरस का? मना बाप ह्याच घरमा म्हातारा व्हयना!"

"आबा, तुमच्या वडलांचं नशीब चांगलं होतं," चांदभाई म्हणाले. "नातवालाही नशिबावरच सोडायचं का?"

 भिंतीला लागलेली खाट आबांनी स्वतःच बाजूला ओढली.

मग घरं झाली, गोठे झाले. मीही माती कालवली. सरकारी फवारणीही झाली. त्यानंतर गावात कुणाला तसा ताप आला नाही. हे भिंतींमुळे, फवारणीमुळे की आणखी कशामुळे, ते मी छातीठोक सांगणार नाही. पण ज्यांनी अलफियाला अंगणात पाय ठेवू दिला नव्हता, त्यांच्याच भिंतींच्या भेगा बुजवताना चांदभाईंनी एक वाकडा शब्द काढला नाही, हे मात्र छातीठोक सांगते. असा शेजारी मिळायला भाग्य लागतं.

आपल्या नातवाला अलफियाजवळ जाऊ न देणाऱ्या भागाबाईचं घर सगळ्यात शेवटी झालं. हात धुऊन चांदभाई निघाले, तर ती म्हणाली, "भाऊ, थांबा." आणि स्वतः जाऊन अलफियाला हाताला धरून घेऊन आली, आपल्या नातवाशेजारी जेवायला बसवलं.