बायका वरडून सांगत न्हाईत

डॉ. महानंदा लिगाडे रोगी तपासताना दवाखान्याचं दार सताड उघडं ठेवायच्या. कोल्हापुरात गंगावेशीतला दोन खोल्यांचा दवाखाना. बाहेरच्या खोलीत बाकं, आतल्या खोलीत त्या, आणि मधल्या दारात मी, नावं पुकारायला. माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी एक निवृत्त हेडमास्तर आत गेले, खुर्चीच्या कडेवर टेकले आणि काहीतरी पुटपुटले. लगेच आतून खणखणीत आवाज आला, "मूळव्याध हाय गुरुजी. चोरी न्हाय केली तुमी. दीड महिना रगत पडतंय आणि आता आलासा व्हय?" बाकांवरची सगळी माणसं भिंतीकडे बघायला लागली. मी हुपरीहून नर्सिंगचा कोर्स करून आलेली नवीन पोरगी. मला वाटलं, ही बाई कधीतरी मार खाणार. पण गुरुजी बाहेर पडले तसे बाकावरचे दोघे उठले आणि नंबर नसताना आत घुसले. त्यांनाही तेच झालं होतं, आणि दोघांनीही ते वर्षभर लपवलं होतं.

"पोटात ठिवलं की ते पोटालाच खातंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवसातून चारदा तरी ऐकू यायचं.

सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं. ठेंगणी मूर्ती, कपाळाला विभूतीचं बोट, सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि खाली लुना. जन्म कुरुंदवाडचा, वडिलांचं तिथं कापडाचं दुकान. घरात कानडी. त्यामुळे राग आला की कानडी आणि माया आली की मराठी, असा त्यांचा हिशेब होता. आमच्याकडच्या बायकांसारखं "मी बघतो, मी देतो" असं बोलायच्या. लग्न केलं नव्हतं. का, असं एकदा एका आगाऊ बाईनं विचारलं, तर म्हणाल्या, "रजा मिळाली न्हाय." पंचगंगेचं पाणी दवाखान्यात शिरलं त्या वर्षी त्यांनी शेजारच्या तालमीच्या कट्ट्यावर टेबल मांडलं आणि पैलवानांना रोग्यांची रांग लावायला उभं केलं. त्यातला सगळ्यात थोराड गडी इंजेक्शनची सुई बघूनच पळाला, तर त्याला परत धरून आणायला आणखी दोन पैलवान पाठवले.

पण बाईचं दुखणं आलं की दार बंद व्हायचं. आणि या बाईचा तो ढोलासारखा आवाज एकदम इतका खाली यायचा, की मी दाराला पाठ लावून उभी असूनही मला अक्षर कळायचं नाही. आत काय बोलणं झालं, हे मी एकदा विचारलं होतं. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही. एखादा नवरा तावातावानं विचारायला आला तर सांगायच्या, "ती सांगंल तेवढंच तुमचं." शिरोळ, हुपरी, पार सीमेपलीकडून बायका एसटीनं यायच्या त्या औषधासाठी नव्हे. औषध काय, कुठंही मिळतं. त्या बंद दारासाठी यायच्या, हे मला पुष्कळ उशिरा समजलं.

आता कोल्हापुरात एखादं माणूस बहिरं होत चाललंय हे ओळखावं कसं, सांगा. आम्ही साधं "चहा घे" म्हणतो तेही भांडण काढल्यासारखं. अक्का ओरडायच्या, रोगी ओरडायचे, सगळं सुरळीत चालायचं. पण मी पंचवीस वर्षं त्यांच्याजवळ होते, मला कळायला लागलं. पाठमोऱ्या असताना हाक मारली की वळायच्या नाहीत. फोन माझ्याकडे द्यायला लागल्या. छातीचा रोगी आला की हल्ली नळी लावायच्या ऐवजी एक्स-रे काढायला लावायच्या. बीपीचं जुनं पाऱ्याचं यंत्र, ज्याला नळीतून ठोके ऐकावे लागतात, ते काढून नुसते आकडे दाखवणारं सेलवरचं आणलं. मी का म्हणून विचारलं, तर पारा विषारी असतो म्हणाल्या.

आणि मी काय केलं? झाकलं. रोगी काय म्हणाला ते मी मध्ये पडून, त्यांच्या तोंडासमोर जाऊन, मोठ्यानं पुन्हा सांगायला लागले. "दोन दिवसांपासनं ताप आहे म्हणतायत, डॉक्टर." लोकांना वाटलं सुरेखा सिस्टर फार शहाणी झाली. होऊ दे, म्हटलं. पोटापाण्यासाठी केलं असं कुणी म्हणेल, तर थोडं तसंही असेल. पण खरं सांगते, अक्कांना "तुम्हाला ऐकू येत नाही" असं सांगणारी जीभ माझ्या तोंडात नव्हती. असं वर्ष गेलं.

मग ती पोरगी आली. शिरोळच्या बाजूची, गावाचं नाव सांगत नाही. लग्नाला आठ महिने झालेले, बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष चाललेलं. अजून घरात पाळणा हलत नाही म्हणून सासूच तिला दाखवायला घेऊन यायची. पोरीनं पहिल्याच खेपेला अक्कांना सांगितलं होतं की मला परीक्षेपुरतं एक वर्ष हवंय. नवऱ्याला ते मान्य होतं, पण आईपुढं त्याची मान वर होत नव्हती. अक्कांनी तिला मूल न होण्याच्या गोळ्या दिल्या होत्या. हे सगळं मला त्या दिवशीच कळलं. मला कळलं, सासूला कळलं, आणि बाकावरच्या चौदा-पंधरा माणसांनाही कळलं.

दार बंद होतं. आतून अक्कांचा आवाज आला, अगदी मूळव्याधीच्या आवाजात: "गोळी एकबी दिवस चुकवू नगंस. परीक्षा होईस्तोवर दिवस जायाला नकोत. सासूला कशाला कळतंय?"

सासू उठली. आरडाओरडा काही केला नाही. दार ढकलून आत गेली, सुनेच्या हातातली पर्स घेतली, गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं आणि तिला घेऊन चालायला लागली. पोरीनं जाताना अक्कांकडे जे बघितलं, ते माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही. अक्का मात्र गोंधळून माझ्याकडे बघत होत्या. सासूला कुणी सांगितलं, असं त्यांनी मला विचारलं.

मी म्हणाले, "तुम्हीच, अक्का. सगळं बाहेर ऐकू आलं."

त्यांनी बाकीचे रोगी परत पाठवायला लावले. मग मला बाहेरच्या बाकावर बसवलं, दार लावलं आणि आतून, त्यांच्या मते अगदी हळू, बोलल्या. दार उघडून विचारलं, काय ऐकलंस? मी शब्दन् शब्द सांगितला. पुन्हा दार लावलं, पुन्हा बोलल्या. पुन्हा मी सांगितलं. असं तीनदा झालं. चौथ्यांदा दार उघडलं तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवेना.

"माझ्या कानाचं तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"आजच," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीनं त्या गावाला गेलो. सासूनं खुर्च्या मांडल्या, पाणी दिलं, बोलण्यात कुठं कमी केलं नाही. अक्कांनी हात जोडले. गोळ्या मी दिल्या, लपवायला मी सांगितलं, पोरीला बोल लावू नका, तिला परीक्षेला बसू द्या, असं त्या बाईला विनवलं. एवढी मानी बाई, पण मी त्यांना कुणापुढं असं वाकताना तेव्हाच बघितलं. सासू म्हणाली, "डॉक्टरीणबाई, तुमी दारात आलासा, ह्यो तुमचा मोठेपणा. पण आता ह्यो आमच्या घरचा मामला हाय." चहा सुनेनंच आणला. तिनं मान वर केली नाही. ती परीक्षेला बसली नाही, हे पुढं तिच्या गावच्या एका रोग्याकडून समजलं.

अक्कांनी कानाचे डॉक्टर केले, मशीन लावलं. मशीननं गंगावेशीतले सगळे हॉर्न आणि दुधाच्या किटल्या ऐकू यायला लागल्या, पण माणसाचा शब्द लागेना. कानाची नसच गेली होती. महिन्याभरात त्यांनी दवाखाना बंद करायचं ठरवलं. लोक ऐकेनात. तापाला काय कान लागतात काय, आम्ही वरडून सांगतो की, असं म्हणून भांडले. अक्का बाकांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमी वरडशीला. बायका वरडून सांगत न्हाईत." एकेका बाईला कुणाकडे जायचं ते त्यांनी स्वतः चिठ्ठीवर लिहून दिलं. चिठ्ठीत दुखण्याचा एक शब्द नव्हता.

त्यानंतर त्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. मी दर सोमवारी जायची. टेबलावर एक वही असायची, आपण लिहायचं, त्या वाचून बोलायच्या. गावातल्या भानगडींपासून माझ्या सुनेच्या तक्रारींपर्यंत सगळं मी त्या वहीत लिहिलं. पण एक गोष्ट लिहायला हात उठत नव्हता. तोंडानं सांगावी, तर ती हळूच सांगायची गोष्ट होती, आणि हळू त्यांना ऐकू येत नव्हतं. तीन वर्षं ती माझ्या पोटात होती. पोटात ठेवलेल्याचं काय होतं, ते मला कुणी सांगायला हवं होतं का?

गेल्या वर्षी अक्का गेल्या. त्याच्या महिनाभर आधीच्या सोमवारी मी एकदाची वही ओढली आणि लिहिलं: 'मी खोटं बोलले. मला वर्षभर आधीच कळलं होतं.' वही त्यांच्यापुढं सरकवली आणि खाली बघत बसले.

अक्कांनी चष्मा लावला. दोनदा वाचलं. मग बोलल्या, त्यांच्या नेहमीच्या आवाजात, गल्लीकडची खिडकी उघडी असताना.

"ठाऊक हाय मला. तू माझ्या तोंडाम्होरं येऊन बोलाय लागलीस तवाच कळलं, हिला कळलंय. आणि मला काय ठाऊक नव्हतं व्हय माझं? तुला वाटलं मी बोलंन, मला वाटलं तू बोलशील. दोघीबी गप बसलो, सुरेखा. वरीस त्या पोरीचं गेलं."

खाली नळावर पाणी भरणाऱ्या बायका मान वर करून खिडकीकडे बघायला लागल्या. मी पेन उचललं. पुष्कळ लिहायचं होतं, पण त्याखाली मी एवढंच लिहिलं, 'होय.'