फाट्यापर्यंत

पौषातल्या सकाळी साखर कारखान्याकडून मळीचा आंबूस-गोड वास येतो आणि धुक्यात मिसळून अंगणात साचून राहतो. त्या वासातच हे उठत, डाव्या हाताने गाडीवरचं कापड सरकवत आणि चालकाच्या जागेवर जाऊन बसत. अर्धांगवायूने उजवा हात निकामी झाल्यापासून गाडी हलली नव्हती. तरी दार ओढून, काचा बंद करून ते समोरच्या कुंपणाच्या भिंतीकडे बघत राहत आणि त्यांच्या श्वासाने काच हळूहळू धुरकट होत जाई. चहाचा कप घेऊन मी बाहेर उभी असे. काचेवर टकटक करायला हात उचलत नसे.

आमचं गाव सांगलीपासून फार लांब नाही. पण फाट्यापर्यंतचा रस्ता दोन्हीकडच्या उसात असा बुडालेला, की कितीतरी महिने क्षितिज दिसत नाही. पूर्वी या रस्त्याने एस.टी. गावात येई. घरोघरी मोटरसायकली आल्या, मग चारचाकी आल्या, एस.टी.ला माणसं मिळेनात आणि ती यायची थांबली. आता यांना हाताच्या उपचारासाठी सांगलीला न्यायचं, म्हणजे कुणाचं तरी दार वाजवणं आलं. नाही कुणीच म्हणत नसे. पण होकाराआधीची ती क्षणभराची शांतता मला ऐकू येऊ लागली आणि मी विचारणंच सोडलं. उपचार थांबले. हात आणखी आखडत गेला. घरात आम्ही दोघं, आणि दोघांच्या मध्ये न बोललेलं सगळं.

अशात अंगणवाडीच्या सुनंदाताईंनी जैन बस्तीच्या, म्हणजे देवळाच्या, मंडपात गाव बोलावलं. कॉलेजची, दवाखान्याची, बाजाराची वेळ जुळवून एक वडाप, म्हणजे माणशी भाडं घेणारी जीप, दिवसातून काही फेऱ्या फाट्यापर्यंत न्यायची आणि तिथल्या एस.टी.शी तिचा मेळ घालायचा, असा त्यांचा बेत होता. अट एकच : शक्य त्या दिवशी प्रत्येकाने आपली गाडी घरी ठेवायची.

"तुमी बसला तरच ही टिकंल," त्या म्हणाल्या. "रिकामी वडाप कोण किती दिस पळवंल?"

मागून कुणीतरी हसलं. "दारात गाडी असताना दुसऱ्याची वाट कशापायी बघायची, ताई?"

चारचौघांत बोलायची मला सवय नाही. तरी मी उभी राहिले, आणि एवढंच म्हणाले, "गाडी आमच्याही दारात आहे."

मग हसणारा तोच माणूस खाली बघत म्हणाला, "सोमवारी मी येतो वडापनं."

घरी मात्र यांचा चेहरा दगडासारखा झाला. "लोकांच्या गाडीत स्वतःला कोंबून जाऊ मी?" एवढं बोलून ते पुन्हा त्या बंद काचांआड जाऊन बसले. सोमवारी वडाप दारात थांबली तेव्हाही तिथेच होते. मी पिशवी उचलली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या काचेवर टकटक केली. "मी निघाले," म्हटलं. "यायचं तर या."

ते आले. पुढे चालकाशेजारी बसले. प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत राहिला. मागच्या बाकावर भाजीच्या पाट्या, कॉलेजच्या मुली आणि आमच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करणारे शेजारी. ऊस काचांना घासत जवळून सरकत होता.

फाटा आला तसं चालकाने मागे वळून विचारलं, "काकी, तुमास्नी परत कवा यायचंय? दुपारच्या फेरीला का सांजच्या?"

सवयीने मी यांच्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून निघायची आणि परतायची वेळ त्यांच्या चावीबरोबर ठरत आली होती. आमची गाडी चालत होती त्या दिवसांतही ती कधी मला कुणी विचारली नव्हती. ते समोर रस्त्याकडे बघत होते, पाय अजून दाबलेलाच.

"सांजच्या," मी म्हणाले.

उपचार तर दुपारच्या आत संपणार होता. त्यानंतरचा तो एवढा मोठा, उघडा पडलेला वेळ घेऊन सांगलीत मी कुठे जाणार, हे मला ठाऊक नव्हतं.