चौतीस इंचांचा पैलवान

माझ्या वडिलांनी कोल्हापुरात चाळीस वर्षं तालमीत पोरं घडवली आणि कॅनडात एका हिवाळ्यात एक घोडा बिघडवला. घोडा तसा लहानच. मिनिएचर जातीचा, माझ्या कमरेपर्यंतही न पोचणारा. शोमध्ये, म्हणजे घोड्यांच्या देखणेपणाच्या स्पर्धेत, उतरायचं तर आयाळीचा शेवटचा केस जिथे संपतो तिथून जमिनीपर्यंत चौतीस इंचांच्या वर जायचं नाही, असा नियम. बाबांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "मोठा कधी होणार हा?" तो अकरा वर्षांचा होता.

तेव्हा आम्ही लंडनपासून अर्ध्या तासावर राहत होतो. लंडन म्हणजे ऑन्टारिओतलं. माझ्या मावशीचा मात्र मी राणीच्या शेजारपाजारी राहते असा समज होता आणि तो मी मोडला नाही. खरी शेजारीण होती पंचाहत्तरीची. तिच्या अंगणामागे बार्न, म्हणजे लाकडी गोठा, आणि त्यात एकेकाळच्या बारा घोड्यांपैकी उरलेला हा एक. त्या फॉलमध्ये, म्हणजे पानगळीत, तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि जूनमध्ये ती शहरातल्या सीनियर लोकांच्या अपार्टमेंटमध्ये जायची ठरली. तिथे मांजर चालत होतं, घोडा चालत नव्हता. एका मोठ्या तबेलेवाल्याने तिला सांगितलं होतं की मेमधल्या शोमध्ये पहिल्या तिनांत आला तर मी ठेवून घेतो. नाही तर लिलाव, आणि लिलावातून एवढ्या वयाचा घोडा खाटकाकडेच जातो हे तिला चांगलं माहीत होतं. हे सांगताना ती रडली असती तर मी तिला चहा करून दिला असता आणि घरी आले असते. ती रडली नाही, म्हणून माझ्याच तोंडून निघून गेलं की त्याची तयारी मी करीन.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या तपासणारी बाई. घोड्याशी माझा संबंध लहानपणी टांग्यात बसले तेवढाच. शेजारणीने खुर्चीत बसून मला सगळं शिकवलं. बार्नमध्ये टायमरवर मोठा दिवा लावायचा, म्हणजे दिवस मोठा झाला असं वाटून हिवाळ्याची लोकर लवकर गळते. रोज पंधरा मिनिटं दुडक्या चालीने पळवायचं. खाणं मोजून, एक मूठ जास्त नाही. आणि मानेभोवती जाड पट्टा गुंडाळायचा, म्हणजे घाम येऊन मान बारीक, डौलदार होते.

नोव्हेंबरात बाबा आले. आई गेल्यावर पहिल्यांदाच, व्हिजिटर व्हिसावर, सहा महिन्यांसाठी. पहिले आठ दिवस ते बेसमेंटमध्ये टीव्हीसमोर बसून राहिले. नवव्या दिवशी मी त्यांना विंटर जॅकेट आणि माकडटोपी चढवून बार्नमध्ये नेलं.

"याला सर्दी झालीय का?" त्यांनी मानेचा पट्टा पाहून विचारलं.

"नाही, बाबा. मान बारीक करायचीय."

"बारीक?" ते माझ्याकडे असे पाहत राहिले की जणू मी घोड्याला विकायला काढलंय. "मान म्हणजे पैलवानाचं निम्मं भांडवल! त्या खुर्चीतल्या बाईला काही कळतं की नाही?"

"काय म्हणतात?" शेजारणीने विचारलं.

"ते म्हणतात, तुम्हाला फार कळतं," मी इंग्रजीत सांगितलं. सबंध हिवाळा मी असाच दुभाषेपणा केला. त्या दोघांत जे काही सख्य होतं ते सगळं माझ्या खोटेपणावर उभं होतं.

मी कामावर गेले की बाबा बार्नमध्ये. त्यांचं तोंड पुन्हा हसरं झालं, आणि मी देवाचे आभार मानून जास्त चौकशी केली नाही. चूक तिथेच झाली. जानेवारीत एका संध्याकाळी जाऊन पाहते तर घोड्याच्या अंगभर गवत चिकटलेलं. बाबांनी त्याची तिळाच्या तेलाने मालिश केली होती. तालमीतली रीतसर मालिश, खांद्यापासून पोटऱ्यांपर्यंत. मग तो आनंदाने गवतात लोळला होता. बाहेर उणे अठरा, म्हणजे शांपू करण्याचा प्रश्नच नव्हता. शेजारणीने वॉकर आपटत सांगितलं, मक्याचं पीठ चोळा, तेल शोषून घेईल. मी आणि बाबांनी मिळून त्या घोड्याला पीठ चोळलं.

"आता कढईत सोडायचाच बाकी राहिलाय," मी म्हणाले. बाबा हसले नाहीत. त्यांच्या मते मालिश उत्तम झाली होती.

एप्रिलमध्ये लोकर काढायचा दिवस आला. अंगावरचे केस मशीनने अगदी कातडीलगत कापतात, म्हणजे आतलं घडवलेलं शरीर दिसतं. दोन तास मशीन चाललं, आणि लोकरीखालून बाहेर आलं ते पोट. एवढं गोल, एवढं तुकतुकीत पोट मी सावकाराचंसुद्धा पाहिलेलं नाही. मान तर बैलासारखी. शेजारीण वॉकर टेकत जवळ आली.

"ही घोडी असती," ती म्हणाली, "तर मी अभिनंदन केलं असतं."

मी बाबांकडे वळले. "काय खायला घातलंत?"

"काही नाही."

"बाबा."

"बदाम," ते म्हणाले. "रोज अकरा. रात्री भिजवून, सकाळी सोलून. आणि गुळाचा खडा. थंडी किती आहे, पोरी. खुराक नको? सीझन तोंडावर आलाय."

बेसमेंटच्या फ्रीजरमधले बदाम कुठे जातात म्हणून माझा नवरा दोन महिने माझ्याकडे संशयाने बघत होता, त्याचा उलगडा झाला. पण मला राग आला तो वेगळाच. लहानपणी रोज सकाळी भिजवलेल्या बदामांची वाटी माझ्या नाकासमोरून तालमीत जायची. मुलीला कशाला बदाम, असं कोणी म्हणायचं नाही. तो विषयच कोणाच्या डोक्यात यायचा नाही. बेचाळिसाव्या वर्षी मला एका घोड्याचा हेवा वाटला, आणि मी तो बोलून दाखवला.

बाबा टोपी काढून उभे राहिले. "तू कधी मागितले नाहीस."

"त्याने तरी कुठे मागितले?"

"तो बघायचा," बाबा म्हणाले.

मी मशीनला चिकटलेले केस काढत बसले.

उरलेल्या चार आठवड्यांत बाबांनी बदाम बंद केले आणि चिखलातून रोज सकाळी त्याला स्वतः पळवलं. बहात्तरीचा म्हातारा आणि ढेरपोट्या घोडा, दोघेही धापा टाकायचे. पोट थोडं उतरलं. मान उतरली नाही.

शोच्या दिवशी रिंगणात सहा घोडे. पाच घोडे पितळी मूर्तींसारखे. परीक्षक समोर आला की घोड्याने मान ताणून कान टवकारायचे असतात. आमच्याने मान खाली घातली आणि डोळे मिटले. मी हातातला कागद चुरगाळून वाजवला, जीभ टाळ्याला लावून आवाज काढले, काकुळतीला आले. बाकांवर शेजारीण वॉकरची मूठ घट्ट धरून बसली होती. तिच्याकडे बघण्याची माझी हिंमत होईना.

तेवढ्यात बाकांवरून फाडकन आवाज आला. बाबांनी उठून मांडीवर शड्डू ठोकला होता. खुराक द्यायच्या आधी ते रोज असा शड्डू ठोकायचे, हे मला तेव्हा कळलं. घोड्याचे कान टवकारले, मान ताठ झाली, त्या एका क्षणात तो सहांत देखणा होता. दुसऱ्या क्षणी त्याने मला ओढत रांगेबाहेर काढलं, सबंध रिंगण पार केलं आणि कठड्यातून तोंड घालून बाबांचा खिसा चाचपायला लागला. लोक हसून लोटपोट झाले. आम्ही सहावे आलो. तबेलेवाला आमच्याकडे न बघता पार्किंगकडे गेला.

 बाबांना इंग्रजी कळत नव्हतं, पण तबेलेवाल्याची पाठ त्यांना कळली. "माझ्यामुळं," ते म्हणाले, आणि मट्कन खाली बसले. मला त्यांना खोटं सांगावंसं वाटलं, पण मराठीत ते जमेना.

एवढ्यात दोन बाक सोडून बसलेली एक बाई उठून आली. ती लहान घोडे घेऊन हॉस्पिटलांत आणि वृद्धाश्रमांत जायची. शोमध्ये नीट उभे राहणारे घोडे खूप मिळतात, ती म्हणाली, पण म्हाताऱ्या माणसाकडे आपणहून जाणारा घोडा मी वर्षभर शोधतेय. मी लगेच विचारलं, शेजारीण जूनमध्ये जिथे जाणार तिथेही याल का? ती म्हणाली, फोन करून विचारते.

पुढच्या रविवारी ती घोडा न्यायला ट्रेलर घेऊन आली. बार्नसमोर उभ्या उभ्याच फॉर्म भरायला घेतला. आजार, लसी, मग खाणं. शेजारणीने गवत किती, दाणा किती ते सांगितलं. 

"आणि आल्मंड्स," ती म्हणाली. "दोन."

एवढा शब्द बाबांना समजला. त्यांनी तिच्यासमोर पाच बोटं उघडली. तिने मान हलवली आणि दोन बोटं दाखवली. बाबांनी अंगठा मिटला. तिने पुन्हा मान हलवली. बाबांनी करंगळी मिटली. ती आधी घोड्याकडे बघत राहिली, मग बाबांकडे, आणि तिने तिसरं बोट वर केलं.

"सोलून द्यायचे म्हणावं," बाबा मला म्हणाले.

हे मी शब्द न बदलता सांगितलं.