मायचा पदर चाकात

विमानतळावरच्या नियंत्रण कक्षात मी नवी होते. एकदा रडारवर एका विमानाच्या खुणेजवळचा उंचीचा आकडा लाल होऊन लुकलुकायला लागला. पुढे डोंगर आणि विमान जरा जास्तच खाली. आमचा नियम साधा आहे. असं दिसलं की हातातलं काम टाकून आधी वैमानिकाला सावध करायचं. त्याला दिसत असेल कदाचित, तरी सांगायचं. मी सांगितलं. "डोंगर दिसतोय, मॅडम," असं इंग्रजीत थंड उत्तर आलं आणि तो 'मॅडम' मला चांगलाच झोंबला. वरिष्ठ म्हणाले, बरोबर केलंस. पण मन मानेना. यापुढे आधी खात्री करायची, मगच तोंड उघडायचं, असं ठरवूनच मी सुट्टीवर गावी आले.

आमचं गाव आखाडा बाळापूरजवळ. तिथला बाजार करून आईला स्कूटरवर मागे बसवलं आणि घराकडे निघाले. आई एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर भाजीची पिशवी, तोंडाचा पट्टा चालू. इतक्यात मागून एक मोटारसायकलवाला हॉर्न वाजवत, हातवारे करत आला. असेल कुणी रिकामटेकडा, म्हणून मी गाडी आणखी पळवली. शहाण्याला शब्दाचा मार पुरतो. माझ्यासाठी त्या माणसाला गाडीच आडवी घालावी लागली.

"ओ ताई, आयकू येत न्हाई का? मायचा पदर चाकात चाल्लाय!"

खाली पाहिलं तर पदराचं टोक काळंकुट्ट होऊन चाकापाशी गुंतलेलं. आणखी थोडं पुढे गेलो असतो तर त्या पदराने आईला खाली ओढलं असतं. मी गाडी घट्ट धरून उभी राहिले. त्यानेच चाक उलटं फिरवून पदर सोडवला.

"लई उपकार झाले, भाऊ," आई म्हणाली. "चला, घर जवळच हाय, चहा घ्या."

"चहा राहू द्या मावशी, आधी पदर खोचा." माझ्याकडे एक रागाचा कटाक्ष टाकून तो निघून गेला. मी हात जोडले ते त्याच्या पाठीलाच.

"मला वाटलं, उगाच ओरडतोय," मी म्हणाले.

"त्याला बी वाटलं असंल, ह्यायला ठावं असंल म्हून," आई पदर खोचत म्हणाली. "तरी वरडला. तू पळून राहिली, तरी मागं आला. देवमाणूस म्हनायचा."

त्या माणसाचं नाव मला माहीत नाही. बाळापूरच्या बाजारात दिसला तरी ओळखू येणार नाही. पण त्याची आठवण झाली नाही असा माझ्या कामाचा एकही दिवस जात नाही. आता आकडा लाल झाला की मी खात्रीची वाट पाहत नाही. वैमानिक कधी वैतागतात. वैतागू देत. त्यांच्याही मागे कुणाची तरी आई बसलेली असते.