कवडूकाकांचं धुकं

कवडूकाका रंग लावण्याआधी त्याचं नाव मोठ्यानं पुकारत. त्यांची उभी हयात मालगाडीच्या इंजिनात गेली होती. तिथं सिग्नल दिसला की ड्रायव्हरनं रंग पुकारायचा आणि असिस्टंटनं तो स्वतः पाहून परत पुकारायचा. निवृत्त झाल्यावर काकांनी ब्रश धरला, पण ही सवय सुटली नाही. जरीपटका वस्तीतल्या त्यांच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी नूपुर, मराठीत एम.ए. झालेली, आपसूक त्यांची असिस्टंट झाली.

"ऐकून नको सांगू वं," काका पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "पाहून सांग. ऐकून सांगणारा असिस्टंट गाडीले खड्ड्यात घालते."

त्या दुपारी नवं चित्र संपत आलं होतं. पहाटेचा कन्हान नदीवरचा पूल आणि पुलावर धुकं. थोड्या वेळात रितिका येणार होती. एका गॅलरीसाठी ती नवे चित्रकार निवडत होती. तिनं हे चित्र उचललं, तर काका चित्रकार. नाही तर, त्यांच्या बायकोच्या, पुष्पलताकाकूंच्या भाषेत, "भिंती खराब करणारा रिकामा बुढा."

"राखाडी," काका म्हणाले.

"राखाडी," नूपुर म्हणाली. आणि मग तिनं पाहिलं.

ब्रश निळ्यात बुडाला होता. भडक निळ्यात.

धुकं निळं होत चाललंय हे तिला कित्येक दिवस दिसत होतं. तिला वाटलं होतं, प्रतीक आहे. एकाकीपण वगैरे. साहित्य शिकलेल्या माणसाला निळं धुकं दिसलं की तो अर्थ शोधतो, डोळे तपासून घ्या म्हणत नाही. काका राखाडी म्हणत, तीही राखाडी म्हणे.

"काका..."

तेवढ्यात फाटक वाजलं.

रितिका चित्रासमोर उभी राहिली. हलेचना. काका पायजम्याला हात पुसत राहिले. काकू दारात आल्या.

"काय निळा लावलाय, काका!" रितिका म्हणाली. "धुकं असं रंगवायची हिंमत लागते. हे समोरच्या भिंतीवर लावते मी."

काका हसले नाहीत. "कोनता निळा?"

"घ्या! रंगवणाराच विचारून राहिला!" काकू दारातून म्हणाल्या.

काका वळले. "असिस्टंट. रंग सांग."

राखाडी म्हटलं असतं, तर काकांनी तिच्यावरच विश्वास ठेवला असता. रितिकानं गंमत समजून चित्र नेलं असतं.

"निळा," नूपुर म्हणाली.

"कवापासून?"

"बरेच दिवस झाले."

"अन् तू राखाडी म्हनून राहिली होती? काहून?"

"पण चित्र छानच झालंय ना," रितिका म्हणाली. "कुणाला काय कळणार?"

"मले कळलं ना." काकांनी ब्रश ठेवला. "सिग्नल समजला नाही तर गाडी उभी करायची. नाही जात हे चित्र."

"मग यादीत तुमचं नाव नाही घेता येणार, काका. मला आजच कळवायचंय."

"नको घेऊ."

रितिका गेली. काकूंचाच जीव तुटला. "अवो, देऊन टाकायचं होतं! तिले आवडलं होतं ना!" मग आवाज उतरला. "मोतीबिंदू असंल. उद्या दवाखान्यात जाऊ."

"जाऊ," काका म्हणाले. मग नूपुरकडे वळले. "किती निळा हाय?"

नूपुरला सुचलेल्या उपमा सगळ्या पुस्तकातल्या होत्या. शेवटी ती म्हणाली, "गॅसच्या आचेसारखा."

काका स्वयंपाकघरात गेले. गॅस पेटवला. वाकून पाहिलं. एक डोळा झाकला, मग दुसरा.

"मले पांढरट दिसते," ते म्हणाले. "तू सांग. पाहून सांग."

नूपुर शेगडीजवळ गेली. आचेकडे नीट पाहिलं.

"निळा."

काकांनी परत पुकारायला तोंड उघडलं. आचेकडे पाहिलं. पाहतच राहिले. आणि तोंड मिटलं.